तराजू कशासाठी धरावा?



एक शंका पुष्कळ साधकांच्या मनात असते, पण ती विचारायला संकोच वाटतो. आपला संप्रदाय समदृष्टी शिकवतो. सर्व भूतांत एक पांडुरंग पाहावा, उच्चनीच मानू नये, हे आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो आहोत. प्रपंच मात्र निवडीवाचून एक दिवसही चालत नाही. भाजीच्या गाडीपाशी उभे राहिलो की आपण हा टोमॅटो घेतो आणि तो बाजूला सारतो. मुलीला स्थळ पाहतो, नातवाला शाळा पाहतो, दुखण्याला डॉक्टर पाहतो. जागोजागी 'हे बरे, ते त्याहून बरे' असा तराजू आपल्या हातात असतोच. मग तुलना करणे हा दोष आहे का? दोष असेल तर संसारी माणसाने जगावे कसे? आणि दोष नसेल, तर समदृष्टी म्हणजे नुसते बोलणेच का?

ग्रंथांत याची उत्तरे आहेतच. आज एक साधा दृष्टांत घेऊन त्या उत्तरांपर्यंत जाऊ. दृष्टांत टोमॅटोचा आहे. हसू आले तर येऊ द्या. सावतोबांच्या पंथात भाजीपाल्याचा दृष्टांत परका नाही.

पाच वाण, पाच उत्तरे

आमच्या डोंबिवलीत अंगण आता क्वचितच उरले आहे. जुनी बैठी घरे गेली, इमारती आल्या, आणि बाग गच्चीवर चढली. आमच्या इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळी हरिपाठाला बसणारी मंडळीच कुंड्यांना पाणी घालतात. मागच्या दसऱ्याच्या सुमारास तिथे टोमॅटोचे पाच वाण लावले. माती, शेणखत, लिंबोळी पेंड सगळ्यांना सारखी.

पहिला पुसा रुबी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा हा जुना वाण. फळ चपटे, कडेने खोबणी, देठापाशी पिवळट. रस भरपूर आणि आंबटपणा ठळक. दुसरा आणि तिसरा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. त्यांतल्या धनश्रीचे फळ मध्यम, गोल, नारंगीकडे झुकणारे. भाग्यश्रीचे लालभडक, गर जास्त आणि बिया कमी. चौथा अर्का रक्षक, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकरित वाण. पाने आकसवणारा विषाणू, उभे झाड वाळवणारी मर आणि पानांवरचा करपा, अशा तीन रोगांना तोंड देईल असा तो तयार केला आहे. कोकणपट्टीत मर रोगाचा त्रास किती, हे ज्यांनी इथे वांगी-टोमॅटो लावले त्यांना सांगायला नको. पाचवा चेरी टोमॅटो. बोराएवढ्या फळांचे घोस.

पौषात फळे पिकली तेव्हा साहजिकच प्रश्न निघाला, यांत सर्वांत चांगला कोणता?

सार करणाऱ्या आजींनी पुसा रुबी उचलला. साराला आंबटपणा हवा, रंग दुसरा कुठलाही चालेल, असे त्यांचे म्हणणे. सकाळी सहाला डबे भरणाऱ्या सुनेने अर्का रक्षक निवडला, कारण चकत्या केल्या तरी पाणी सुटत नाही आणि पाव ओला होत नाही. चटणी आटवून बरणीत भरणाऱ्या वहिनींनी भाग्यश्री मागितला; गॅस कमी जळतो. पोरांनी काहीच सांगितले नाही, चेरीचे घोस रिकामे करून मोकळी झाली. राहिला धनश्री. त्याला कुणी पहिला नंबर दिला नाही. पण आंबट सोसत नाही अशा एका आजोबांना कोशिंबिरीत तोच सोसला, कारण पाचांत तो आम्हांला सौम्य लागला.

पाहा माउली, फळे तीच होती. प्रश्न बदलला तसे उत्तर बदलले. 'चांगला' हा शब्द एकटा उभा राहूच शकत नाही. कशासाठी चांगला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आपण मात्र हा 'कशासाठी' गाळून टाकतो आणि उरलेला अर्धा शब्द वस्तूच्या, मग माणसाच्या, कपाळावर चिकटवतो.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली. पुसा रुबीची दोन रोपे होती. एक उघड्यावर, दुसरे पाण्याच्या टाकीच्या सावलीत. टोमॅटोला दिवसाकाठी सहा तास तरी ऊन लागते. सावलीतले रोप उंच वाढले, पानांनी भरले, पण फळे मोजकीच आली. बी एका पाकिटातले, पाणी एका हाताचे. ज्याने फक्त सावलीतले रोप पाहिले असते, त्याने वाणाला नावे ठेवली असती. दोघांना तराजूत घालण्याआधी दोघांना ऊन सारखे मिळाले होते का, हे कोण विचारतो?

समदृष्टी म्हणजे सरसकट नव्हे

गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंत सांगतात की विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर ठेवलेला माणूस, या सर्वांकडे ज्ञानी सम दृष्टीने पाहतो. सम पाहतो, असे म्हटले आहे. हत्तीला आणि कुत्र्याला एकच खुराक घालतो, असे म्हटलेले नाही. गाईला वैरण, कुत्र्याला भाकरी. इथे निवड आहे, विवेक आहे. तरीही भेद नाही. कारण वैरण घालणारा मनात असे धरत नाही की गाय थोर म्हणून तिला वैरण आणि कुत्रे हलके म्हणून त्याला भाकरी.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माउलींनी झाडाचा दृष्टांत दिला आहे. झाड तोडायला आलेल्यालाही सावली देते आणि लावणाऱ्यालाही देते. त्याच अध्यायात पाण्याचाही दृष्टांत आहे. माळी नेईल तिकडे ते मुकाट्याने जाते. यात एक खुबी आहे. पाण्याने निवड करायची नाही, पण माळ्याला ती करावीच लागते; कोणत्या वाफ्याला आज पाणी, कोणत्याला उद्या, हे त्याने ठरवले नाही तर मळाच बुडेल. म्हणजे निवडीचे काम माळ्याच्या हाताला सुटलेले नाही. त्याच्या मनाने मात्र पाण्यासारखे राहायचे आहे.

'जात' हा शब्द

आता जरा अवघड जागी येऊ. शेतीच्या पुस्तकात वाणाला आणखी एक शब्द वापरतात: जात. 'टोमॅटोच्या सुधारित जाती' असे मथळे आपण वाचतो. रोपवाटिकेत गेलात तर माळी सहज विचारतो, 'कोणती जात देऊ?' माणसाच्या बाबतीतही आपण तोच शब्द वापरतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

टोमॅटोच्या बाबतीत जात पुष्कळ काही खरे सांगते. पुसा रुबीच्या बियांतून पुसा रुबीच येतो, कारण माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून त्याचे गुण पक्के केले आहेत. ती जात माणसाने आपल्या कामासाठी घडवली आहे. माणसाला मात्र कुणी कुणाच्या कामासाठी पेरलेले नाही. ज्याला कुणाच्या उपयोगासाठी घडवलेच नाही, त्याला उपयोगाच्या मापाने 'वरचा-खालचा' कसे ठरवणार? बाजारातले माप देवळात आणले, आणि चोखोबांना महाद्वाराबाहेर उभे राहावे लागले. त्यांनी उसाचा दाखला देऊन काय विचारले, तो अभंग तुम्हां-आम्हां सर्वांना पाठ आहे. तरी देवळाचे दार सर्वांना उघडायला साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. तोंडाने अभंग म्हणत असताना हाताने तराजू किती काळ धरून ठेवता येतो, याची ही साक्ष आहे.

आणि टोमॅटोच्या जातीला तरी इतके शुद्ध कशाला मानायचे? ज्याला आपण 'जुना, आपला' म्हणतो तो पुसा रुबी 'सू' नावाच्या अमेरिकी वाणाचा आणि 'इम्प्रूव्हड मेरुती' या वाणाचा संकर आहे. टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतला. मेक्सिकोत त्याची शेती झाली आणि युरोपी जहाजांतून तो आपल्याकडे आला. बंगालीत त्याला अजून विलायती वांगे म्हणतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली; कोलंबस अमेरिकेला पोहोचला तो १४९२ साली. म्हणजे आपल्या आद्य संतांच्या ताटात टोमॅटो नव्हताच. आज तोच दिंडीच्या आमटीत असतो. काही घरांत एकादशीला बटाटा चालतो, मिरची चालते आणि टोमॅटो चालत नाही. तिघेही एकाच कुळातले आणि एकाच खंडातून आलेले आहेत. घरचा नियम घरच्यांनी जरूर पाळावा. पण नियम वेगळा आणि पावित्र्याची उतरंड वेगळी, एवढे ध्यानात असावे.

जे मोजले ते वाढले

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

गच्चीवरचा टोमॅटो चाखला की प्रत्येकाच्या तोंडून एक वाक्य हमखास येते: 'बाजारचा टोमॅटो म्हणजे नुसता पांचट. चव म्हणून नाही.' वाक्य खरे आहे. पण ते बोलून आपण थांबलो तर अन्याय होतो.

कल्याणच्या बाजारात टोमॅटो येतो तो माळशेज घाट उतरून जुन्नर-नारायणगावकडून आणि कसारा घाट उतरून नाशिककडून. फळावर जरा लाली दिसताच ते तोडायचे, कॅरेटमध्ये रचायचे, रात्री गाडीत चढवायचे. घाटाच्या वळणांवर न फुटता ते पहाटे इथे पोहोचले पाहिजे आणि दोन दिवस आपल्या टोपलीतही टिकले पाहिजे. जाड सालीचा, घट्ट, टिकाऊ वाण शेतकऱ्याने हौसेने निवडलेला नाही. आपण इतक्या दूर राहतो आणि आपल्याला डाग पडलेले फळ चालत नाही, म्हणून त्याने तो निवडला. आपण गच्चीवरचा टोमॅटो झाडावर पिकू दिला, कारण आपल्याला घाट उतरायचा नव्हता. आपले पोटही त्यावर नव्हते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव किलोला दोन-तीन रुपयांवर आला, तेव्हा नाशिककडच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. २०२३ च्या जुलैत तोच शंभराच्या पार गेला, तेव्हा आपण शेतकऱ्यालाच महागाईचा जाब विचारला. सहा कुंड्या लावणाऱ्याने सहा बिघे लावणाऱ्याशी आपले फळ तोलताना हे सगळे त्याच पारड्यात घालायला हवे.

चवीचे आणखी एक कारण शास्त्रज्ञांनी शोधले आहे. जुन्या वाणांत कच्च्या फळाच्या देठाभोवती गडद हिरवा पट्टा असतो. पिकताना रंग एकसारखा चढत नाही, फळ बाजारात दिसायला कमी वाटते. म्हणून गेली कित्येक दशके असे वाण निवडले गेले, की ज्यांचे कच्चे फळ सगळीकडून सारखे फिकट हिरवे आणि पिकलेले सगळीकडून सारखे लाल. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आले. त्यातून कळले की या एकसारख्या रंगाच्या निवडीत एक जनुक निकामी झाले होते, आणि फळात स्वतःची साखर तयार व्हायला मदत करणारे तेच होते. म्हणजे माणसांनी रंग मोजला, रंग मिळाला. गोडी मोजली नव्हती, ती निघून गेली. कुणी ती मुद्दाम काढली नाही. गेलेली कळलीसुद्धा नाही.

माउली, हे वाक्य आपल्या घरात नेऊन पाहा. आपण मुलांचे काय मोजले? पहिलीपासून टक्के मोजले. शेजारच्या मुलाचे किती, आत्याच्या मुलीचे किती, हे जेवताना विचारले. पुढे पगार मोजला, घराचे चौरस फूट मोजले. डोंबिवलीत आठ-छप्पन्नच्या लोकलला लोंबकळून गेलेल्या पिढीने हे प्रेमापोटीच केले. आपल्या वाट्याचे कष्ट पोरांच्या वाट्याला नकोत म्हणून केले. मुले मोठी झाली, हुशार निघाली, दूर गेली. आता साठी उलटल्यावर आपण कट्ट्यावर बसून म्हणतो, 'सगळे आहे हो, पण मुलांत ओलावा नाही.' ओलावा कुणी मोजला होता? आजारी आजोबांजवळ तासभर बसलेल्या नातवाला त्या दिवशी 'अभ्यास कोण करणार?' असे विचारले गेले असेल, तर त्याने काय शिकावे? जाड साल आपणच निवडायची आणि वर फळालाच पांचट म्हणायचे, हा तो प्रकार आहे.

सुनेची सुनेशी आणि भावाची भावाशी तुलना याच वाटेने जाते. एक भाऊ शहरात आला, त्याने फ्लॅट घेतला. दुसरा गावी राहिला, त्याने आईवडिलांचे शेवटचे आजारपण काढले आणि शेताची बांधबंदिस्ती सांभाळली. सणाला सगळे जमतात तेव्हा पुढे गेलेला कोण आणि मागे राहिलेला कोण, हे कोणत्या मापाने ठरते? टाकीच्या सावलीतले रोप आठवा.

गोरोबाकाकांची थाप

मग तुलना सोडूनच द्यावी का? संतचरित्र तसे सांगत नाही. गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता ती कथा आपण सारे जाणतो. मुक्ताईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे काय? मडके कच्चे की पक्के हे पाहायचे साधन, असे काका म्हणाले. मग आम्हां संतांत कच्चे कोण ते पाहा, असा आग्रह झाला. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले आणि नामदेवराय कच्चे ठरले.

ही तर उघड उघड परीक्षा आहे, आणि तीही खुद्द संतांत. पण कुंभाराच्या परीक्षेचा हेतू पाहा. कच्चे निघालेले मडके कुंभार उकिरड्यावर फेकत नाही. ते भट्टीत ठेवायचे असते, म्हणून तर तो थाप मारतो. नामदेवराय रुसले, दुखावले. पुढे पांडुरंगाच्या सांगण्यावरून औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि पूर्ण होऊन परतले. त्या थापेनंतर नामदेवरायांचा अधिकार वाढला, त्यांचे स्थान कुणी खाली केले नाही.

टोपलीतल्या टोमॅटोंचेही असेच आहे. कच्चे फळ पिकलेल्या फळाशेजारी ठेवले की लवकर पिकते. पिकल्या फळातून निघणारा वायू त्याला पिकवतो. घरातल्या बाईला हे शास्त्राआधीच ठाऊक असते. म्हणून ती कच्चे फळ ओळखते, निवडते, पण बाजूला काढून ठेवते ती पिकलेल्यांच्याच संगतीत. अशी निवड दोषाची नाही. तिला विवेक म्हणतात.

वारीत काय मोजतो?

शेवटी आपल्याच अंगणात येऊ. आपल्याही तोंडी येते: माझ्या तीस वाऱ्या झाल्या, त्यांच्या सातच. आमची दिंडी रथाच्या इतकी जवळ, त्यांची मागे. हे पायी चालतात, ते गाडीने येतात. मोजावे, पण कशासाठी हे स्वतःला विचारावे. पाण्याचे टँकर आणि मुक्कामाची जागा ठरवायला माणसे मोजावीच लागतात. भक्ती तोलायला मोजू लागलो की तेवढी संख्याच वाढत जाते आणि जे मोजले नाही ते निघून जाते.

सावतोबा आरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. वाऱ्यांचा हिशेब मांडला तर त्यांच्या नावापुढे शून्य पडेल. आणि आजही पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून आरणला जाते. आपल्या हिशेबाची वही देवाने मान्य केली असती, तर ही पालखी निघालीच नसती.

यावर संप्रदायाने एक साधी सोय करून ठेवली आहे. दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. कोण मोठा, कोणाचे शिक्षण किती, कोणाच्या वाऱ्या किती, हे आधी विचारत नाहीत. ऐंशी वर्षांचे बाबा कॉलेजातल्या पोराच्या पाया पडतात. तुलना करायला वेळ मिळण्याआधीच मान खाली गेलेली असते. निवड, परीक्षा, हिशेब हे सगळे नंतर.

म्हणून माउली, एवढाच नियम घ्या. तराजू हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे कशासाठी तोलतो आहे? दोघांना ऊन सारखे मिळाले होते का? आणि जो कमी भरेल त्याला मी टाकणार आहे, की पिकू देणार आहे? भाजीच्या गाडीपाशी पहिला प्रश्न पुरतो. माणसापाशी तिन्ही लागतात. तिन्हींची उत्तरे देता आली नाहीत तर तराजू खाली ठेवा आणि आधी नमस्कार करा. हात जोडल्यावर तराजू धरायला हात उरत नाही.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा ताटावर कुणाची कुणाशी तुलना निघेलच. त्या वेळी आजवर ज्याचे काहीच मोजले गेले नाही, अशा घरातल्या एका माणसाकडे पाहा आणि त्याचे एक तरी मोजून दाखवा. न मोजलेले गुपचूप निघून जाते, ते जाण्याआधी.

राम कृष्ण हरी.